अंश दिसतो, छेद विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता आपल्यापासून दूरचा वाटेल. अमेरिकेत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असतं. तिथल्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळत नाही. मग कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावरून किंवा दुसऱ्या एखाद्या देशातून ‘आपली निवड झाली आहे’ असं पत्र येतं. जावं की न जावं?

हा प्रश्न पडतो न्यूजर्सीच्या किंवा ह्यूस्टनच्या घरात, पण फोन येतो ठाण्याला, सांगलीला, नाशिकला. आजी-आजोबा इथे असतात. घरातले डॉक्टर काका किंवा मामा इथे असतात, त्यांचा शब्द मानला जातो. आणि पैसे कमी पडले तर इथला एखादा फ्लॅट विकावा का, याची चर्चाही इथेच होते. तेव्हा सल्ला देणाऱ्यांना आणि पैसे देणाऱ्यांना नेमकं काय विचारायचं ते माहीत असावं, एवढ्यासाठी हे बोलणं.

आधी अमेरिकेतली पद्धत थोडक्यात पाहू. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस सुरू होतं. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. २०२३-२४ च्या प्रवेशफेरीत एमडी पदवी देणाऱ्या कॉलेजांकडे सुमारे साडेबावन्न हजार विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते आणि प्रवेश मिळाला सुमारे तेवीस हजारांना. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं बाहेर राहिली. त्यांतली बरीचशी हुशार होती, चार वर्षं राबलेली होती. पण एकदा आत गेलेला विद्यार्थी बहुतेक वेळा डॉक्टर होऊनच बाहेर पडतो. तिथली चाळण दाराबाहेर लावलेली आहे.

बाहेर राहिलेल्या या मुलांसाठी परदेशी कॉलेजांचा मार्ग जुना आहे. १९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला अमेरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने जात. अशांना परत आणण्यासाठी १९७१ साली अमेरिकेत ‘फिफ्थ पाथवे’ नावाची एक खास वाट काढली गेली होती, ती २००९ मध्ये बंद झाली. १९७६ साली ग्रेनाडा बेटावर सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटी स्थापन झाली. पाठोपाठ १९७८ मध्ये डॉमिनिका बेटावर रॉस आणि माँटसेरात बेटावर अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियन. पुढे अशा कॉलेजांची रांगच लागली. त्यांतलं अँटिग्वा बेटावरचं एक कॉलेज तर आपल्या मणिपालच्या समूहाने घेतलेलं आहे.

ग्रेनाडाचं नाव काही श्रोत्यांना आठवत असेल. ऑक्टोबर १९८३ मध्ये तिथे सत्तापालट झाला, पंतप्रधान मॉरिस बिशप मारले गेले आणि अध्यक्ष रेगन यांनी सैन्य उतरवलं. कारण देताना त्यांनी तिथल्या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा दाखला दिला. सुटून आलेल्या एका विद्यार्थ्याने विमानातून उतरताच धावपट्टीचं चुंबन घेतलं, ते दृश्य अमेरिकेत घरोघरी टीव्हीवर दिसलं. या कॉलेजांची सामान्य अमेरिकनांना पहिली ओळख झाली ती अशी.

या कॉलेजांचा साचा साधारण सारखा आहे. पहिली दोन वर्षं बेटावर शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र वगैरे विषय. पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये प्रत्यक्ष काम. प्रवेश वर्षातून दोन-तीनदा मिळतात, गुणांची अट सैल असते, आणि उत्तर महिनाभरात येतं. वर्षभर नकाराची पत्रं वाचलेल्या मुलाला हे उत्तर केवढं सुखाचं वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पण इथेच मुख्य मुद्दा आहे. चाळण इथेही आहे. फक्त ती दाराच्या आत लावलेली आहे, आणि ती लागते तेव्हा विद्यार्थ्याने पैसे भरलेले असतात. प्रवेश सोपा असणं हा काही दोष नाही. संधी हुकलेल्या मुलाला दुसरी संधी मिळावीच. मात्र ती घेताना धोका कोणाकडे सरकला, हे कळलं पाहिजे. अमेरिकन कॉलेजात नापास होणाऱ्याला बहुधा प्रवेशच मिळत नाही, त्यामुळे त्याचा एखादा वर्षाचा काळ जातो. बेटावर नापास होणाऱ्याचा काळ तर जातोच, शिवाय लाखभर डॉलरचं कर्ज त्याच्या नावावर राहतं.

म्हणून कॉलेज कसं पाहावं? इमारत, समुद्रकिनारा आणि माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवा. शाळेत अपूर्णांक शिकताना आपण अंश आणि छेद शिकलो. वर अंश, खाली छेद. माहितीपत्रकात जी टक्केवारी ठळक छापलेली असते, तिचा अंश दिसतो. छेद विचारावा लागतो.

एक प्रत्यक्ष घडलेलं प्रकरण सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सेंट जेम्स या कॅरिबियन मेडिकल कॉलेजावर आणि ते चालवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. आपले सुमारे ९७ टक्के विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेचा पहिला टप्पा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होतात, असं कॉलेज सांगत होतं. आयोगाचं म्हणणं असं, की त्या परीक्षेसाठी लागणारा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब घेतला, तर उत्तीर्ण होणारे केवळ ३५ टक्के होते. रेसिडेन्सी मिळवणाऱ्यांचा सांगितलेला आकडा ८३ टक्के होता. आयोगाच्या मते खरा आकडा ६३ च्या आसपास होता. शेवटी बारा लाख डॉलरवर हे प्रकरण मिटलं.

९७ आणि ३५ यांत एवढं अंतर पडतं कसं? त्यासाठी या परीक्षेची रीत समजून घ्यावी लागते. बरीच कॉलेजं स्वतःची एक अंतर्गत परीक्षा घेतात. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय विद्यार्थ्याला लायसन्सच्या परीक्षेला, म्हणजे ‘यूएसएमएलई’च्या पहिल्या टप्प्याला बसू देत नाहीत. कच्च्या विद्यार्थ्याला थांबवण्यात गैर काही नाही. पण मग ‘बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण’ हा आकडा चांगलाच येणार. जे बसलेच नाहीत, ते छेदातून गळाले.

आपण एक काल्पनिक हिशेब करू, केवळ समजण्यापुरता. समजा, शंभर विद्यार्थी बेटावर उतरले. दोन वर्षांत पंचवीस जणांनी कॉलेज सोडलं. उरलेल्या पंचाहत्तरांतले दहा अंतर्गत परीक्षेत अडकले. पासष्ट जण बसले, बासष्ट उत्तीर्ण झाले. माहितीपत्रक म्हणेल, ९५ टक्के निकाल. यात खोटं काही नाही. पुढे त्या बासष्टांतल्या पंचावन्न जणांनी रेसिडेन्सीसाठी अर्ज केले आणि सदतीस जणांना जागा मिळाल्या. माहितीपत्रक म्हणेल, ६७ टक्के यश. हेही खोटं नाही. पण पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या शंभरांपैकी डॉक्टर झाले सदतीस. आपला नातू किंवा आपली भाची त्या पहिल्या दिवशीच्या शंभरांतली आहे. बासष्ट किंवा पंचावन्नांतली होईल की नाही, ते अजून ठरायचं आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा: ‘अमुक वर्षी तुमच्याकडे पहिल्या सत्रात किती विद्यार्थी आले? त्यांतले किती चार वर्षांत पदवीधर झाले, किती सहा वर्षांत? आणि त्या मूळ संख्येपैकी किती जणांना रेसिडेन्सी मिळाली?’ उत्तर लेखी मागा. चांगल्या कॉलेजाला हे आकडे देणं अवघड नसतं. विषय बदलला गेला, तर त्यातही उत्तर मिळालंच.

आता रेसिडेन्सीला एवढं महत्त्व का, ते सांगतो. आपल्याकडे एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली की दवाखाना उघडता येतो. अमेरिकेत नुसत्या एमडी पदवीवर रुग्ण तपासता येत नाहीत. रेसिडेन्सी केल्याशिवाय स्वतंत्रपणे काम करण्याचं लायसन्स नाही. या जागांचं वाटप १९५२ पासून ‘मॅच’ नावाच्या राष्ट्रीय पद्धतीने होतं. उमेदवार रुग्णालयांची पसंती लिहितो, रुग्णालयं उमेदवारांची, आणि संगणक जोड्या लावतो. निकाल मार्चमध्ये लागतो.

२०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के उमेदवारांना जागा मिळाली. परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांमध्ये हे प्रमाण ६७ टक्के होतं, आणि परदेशी कॉलेजात शिकलेल्या बिगर-अमेरिकन उमेदवारांमध्ये ५८.५ टक्के. हे सगळे आकडे प्रत्यक्ष पसंतीयादी भरून स्पर्धेत उतरलेल्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवा. वाटेत गळालेले यांच्या छेदातही नाहीत.

शिवाय मिळालेली जागा कोणती, हेही पाहावं लागतं. परदेशातून आलेल्यांना जागा मिळतात त्या मुख्यतः इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन या शाखांत. ज्या मुलीला त्वचारोग किंवा अस्थिशल्य हीच शाखा हवी आहे, तिच्यासाठी हा रस्ता फार अरुंद आहे. आणि काही जागा केवळ एका वर्षाच्या असतात. वर्ष संपलं की पुन्हा शोधाशोध. कॉलेज जेव्हा रेसिडेन्सीचा आकडा सांगतं, तेव्हा त्यात या एक वर्षाच्या जागा मोजल्या आहेत का, हा प्रश्न जरूर विचारा.

परीक्षेतही एक मोठा बदल झाला आहे. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला गुण मिळत नाहीत. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढंच कळतं. पूर्वी बेटावरचा विद्यार्थी त्या परीक्षेत भरघोस गुण मिळवून ‘मी कमी नाही’ हे दाखवू शकत असे. आता ती संधी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पुढे गेली आहे. एकेक टप्प्यासाठी मिळणारे प्रयत्नही २०२१ मध्ये सहावरून चारावर आणले गेले. आठ-दहा वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या नातेवाइकाचा अनुभव ऐकताना हे लक्षात घ्यावं.

दुसरा प्रश्न रुग्णालयांचा. बेटावर स्वतःचं मोठं शिकवणारं रुग्णालय बहुतेकदा नसतं. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचं शिक्षण अमेरिकेतल्या रुग्णालयांशी करार करून दिलं जातं आणि त्यासाठी कॉलेजं पैसे मोजतात. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी सेंट जॉर्जेसने केलेला दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरपर्यंतचा करार २००८ मध्ये गाजला होता. आपल्या विद्यार्थ्यांच्या जागा कमी होतील, अशी तिथल्या स्थानिक कॉलेजांची तक्रार होती. यातून सर्वसाधारण विद्यार्थ्याने घ्यायचा बोध असा, की ज्या कॉलेजाकडे पक्के करार आहेत, त्याच्या मुलांना जागा मिळते. ज्याच्याकडे नाहीत, त्याची मुलं बेटावरून परत येऊन महिनोन्महिने थांबून राहतात, आणि कर्जावरचं व्याज थांबत नाही.

तेव्हा विचारा: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार हे मुख्य विषय कोणत्या रुग्णालयात होतील? त्यांची नावं काय? तिथे त्या विषयाची रेसिडेन्सी चालते का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. ज्या रुग्णालयात रेसिडेन्सी चालते, तिथल्या वरिष्ठांनी आपलं काम पाहिलं आणि शिफारसपत्र दिलं, तर मॅचमध्ये त्याचं वजन पडतं. आणि मुख्य विषय एकाच गावात होतात की दर सहा आठवड्यांनी राज्य बदलावं लागतं? बॅगा भरत फिरण्यात विद्यार्थ्याची किती शक्ती जाते, ते बदलीची नोकरी केलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रश्न मान्यतेचा. परदेशी पदवीधराला मॅचमधून रेसिडेन्सीला लागायचं तर १९५६ साली स्थापन झालेल्या ‘ईसीएफएमजी’ या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. त्या कॉलेजाचे पदवीधर त्यासाठी पात्र आहेत का, ते ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’ या जागतिक यादीत कुणालाही पाहता येतं. कॉलेजाला मान्यता देणारी संस्था स्वतः जागतिक महासंघाने मान्य केलेली आहे का, हेही पाहावं. असा मान पहिल्यांदा मिळाला तो २०१२ साली कॅरिबियन देशांच्याच संस्थेला. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला तो २०२३ मध्ये मिळाला. याखेरीज राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्यात बारा आठवड्यांहून अधिक काळ रुग्णालयात शिकायचं, तर कॉलेजाला त्या राज्याची मंजुरी लागते. ‘सरकारमान्य’ एवढा एक शब्द वाचून समाधान मानू नये. कोणाची मान्यता, कशासाठी, आणि कधीपर्यंत, हे तीनही विचारावं.

चौथा प्रश्न पैशांचा. शिकण्याचा आणि राहण्याचा मिळून खर्च तीन लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. काही परदेशी कॉलेजांतल्या अमेरिकन नागरिकांना अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळतं. त्यासाठी कॉलेजावर अटी आहेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी किमान ७५ टक्के उत्तीर्ण व्हावेत, ही त्यांतली एक. ‘बसलेल्यांपैकी’ हा शब्द इथेही आलाच. सरकारी कर्ज न मिळणाऱ्या कॉलेजांत खासगी कर्ज घ्यावं लागतं.

यात मोठा फरक पडला तो जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने. पूर्वी ‘ग्रॅड प्लस’ या योजनेतून जवळजवळ सगळा खर्च सरकारी कर्जातून भागत असे. या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली आणि वैद्यकीसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. वरची रक्कम घरातून आणायची किंवा खासगी बँकेकडून घ्यायची. खासगी बँक बहुधा जामीनदार मागते. इथे कुटुंबातल्या माणसाची सही येते.

व्याजाचा अंदाज घ्या. तीन लाख डॉलर कर्ज आणि आठ टक्के दर धरला, तर वर्षाचं नुसतं व्याज चोवीस हजार डॉलर, म्हणजे महिन्याला दोन हजार. रेसिडेन्सीत पगार साधारण साठ-सत्तर हजार डॉलर असतो, त्यातून घरभाडं, कर, जेवणखाण. रेसिडेन्सी मिळाली तर हे पेलता येतं, कारण पुढे उत्पन्न चांगलं असतं. न मिळाली तर हेच कर्ज अर्धवट शिकलेल्या तिशीतल्या माणसाच्या डोक्यावर राहतं. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज दिवाळखोरी जाहीर करूनही सहसा सुटत नाही. आणि बेटावरची दोन वर्षं जमेस धरून अमेरिकन कॉलेजात बदली मिळणं जवळजवळ अशक्य असतं. मधूनच परत फिरण्याची वाट फार महाग आहे.

पाचवा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कॉलेजालाच अडचण आली तर विद्यार्थ्याचं काय? अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियनचीच कथा घ्या. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने माँटसेरातवरचं कॉलेज उद्ध्वस्त केलं. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि कॉलेज सेंट मार्टिन बेटावर गेलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा वादळ आलं, तेव्हा वर्ग इंग्लंडमधल्या प्रेस्टनला हलवावे लागले. त्याच महिन्यात मारिया वादळाने डॉमिनिका झोडपलं. रॉसचे विद्यार्थी काही काळ सेंट किट्स बेटाच्या धक्क्याला लावलेल्या जहाजावर राहून शिकले, मग टेनेसीत, आणि २०१९ पासून कॉलेज बार्बाडोसला गेलं. या मोठ्या कॉलेजांकडे पैसा होता, म्हणून ती विद्यार्थ्यांना घेऊन हलू शकली. लहान कॉलेजाला हे झेपेल का, हे विचारण्यात संकोच कसला?

आणि अडचण वादळाचीच असते असं नाही. तेल अवीव विद्यापीठात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी १९७६ पासून चालणारा, चांगलं नाव असलेला अभ्यासक्रम होता. इस्रायलला स्वतःच्या डॉक्टरांची निकड वाढली, तेव्हा त्या जागा स्थानिक विद्यार्थ्यांना द्यायचं ठरलं आणि २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली. आत असलेल्यांचं शिक्षण चालू राहिलं, नवे प्रवेश थांबले. परदेशातली जागा ही शेवटी त्या देशाच्या सोयीने मिळालेली असते.

सगळी परदेशी कॉलेजं एका मापाने मोजू नयेत, हेही सांगितलं पाहिजे. डब्लिनचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स १७८४ सालचं आहे. तिथे अमेरिकन विद्यार्थी आयरिश विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा आणि न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर रुग्णालयाचा एक संयुक्त अभ्यासक्रम २००९ पासून आहे; दोन वर्षं ब्रिस्बेनला, पुढची दोन वर्षं एकाच अमेरिकन रुग्णालयसमूहात. अशा ठिकाणी दुसरा प्रश्न, म्हणजे ‘कुठे शिकणार’ हा, बराचसा सुटलेला असतो. तरीही पदवी परदेशीच मोजली जाते, ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतंच, आणि छेदाचा प्रश्न तिथेही विचारायचा असतोच.

आता आपल्या घरातल्या काकांकडे येतो. असा प्रश्न निघाला की एखादे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, “अरे, मीसुद्धा परदेशी पदवी घेऊनच अमेरिकेत आलो. माझं काय अडलं?” त्यांचं म्हणणं खरं आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडल्यावर मुंबईच्या ग्रँट आणि सेठ जी. एस., पुण्याच्या बी. जे. अशा कॉलेजांतले कितीतरी मराठी डॉक्टर तिकडे गेले आणि नावारूपाला आले. आजही अमेरिकेतल्या साधारण चार डॉक्टरांपैकी एक परदेशी कॉलेजात शिकलेला आहे. पण काकांची आणि भाच्याची परिस्थिती एक नाही. काका इथली कडक चाळण आधीच पार करून गेले होते. सरकारी कॉलेजातली फी नाममात्र होती, डोक्यावर कर्ज नव्हतं. आणि तिकडे जमलं नसतं, तर परत येऊन सातारला किंवा अमरावतीला दवाखाना थाटता आला असता. भाच्याची चाळण अजून व्हायची आहे, कर्ज आधीच घेतलेलं आहे, आणि मागे परतायला तशी जागा नाही. काकांच्या यशावरून भाच्याला धीर द्यावा, पण हिशेब मात्र भाच्याचाच करावा.

या रस्त्याने गेलेल्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. जे बेटावर जाऊन, सगळे टप्पे पार करून डॉक्टर झाले, त्यांनी घरी राहिलेल्यांहून अधिक जिद्द दाखवली. खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या अमेरिकन रुग्णालयांत असे डॉक्टर रात्रंदिवस काम करतात. रेसिडेन्सी पूर्ण झाल्यावर रुग्ण कॉलेजाचं नाव विचारत नाही. स्वतःला ओळखून, आकडे पाहून, ‘मी त्या सदतीसांत का असेन’ याचं प्रामाणिक उत्तर देऊन जो जातो, त्याला आडकाठी करू नये. ज्याचे कॉलेजातले गुण एखाद्या आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे घसरले आणि नंतर सावरले, त्याची गोष्ट वेगळी. ज्याला मुळात विज्ञानाचे विषयच जड जातात, त्याला ते बेटावर हलके होणार नाहीत. तिथे तर घर दूर, वेग जास्त आणि मदत कमी.

आणि जाण्यापूर्वी घरचा एक पर्याय तपासून पाहावा. अमेरिकेत एमडीखेरीज ‘डीओ’ म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी देणारी मेडिकल कॉलेजं आहेत. नाव अनोळखी वाटतं म्हणून आपली माणसं बिचकतात. पण या पदवीला अमेरिकेत एमडीसारखेच पूर्ण अधिकार आहेत, २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकत्र झाली आहे, आणि २०२४ च्या मॅचमध्ये तिथल्या शेवटच्या वर्षातल्या ९२.३ टक्के उमेदवारांना जागा मिळाली. एक वर्ष थांबून, एमकॅट पुन्हा देऊन, डीओ कॉलेजांसह पुन्हा अर्ज करणं यात वर्ष जातं खरं. चाळिशीतल्या डॉक्टरला ते एक वर्ष आठवतही नाही. बेटावरचं न फिटलेलं कर्ज मात्र आठवतं. ‘लोक काय म्हणतील, मुलगा वर्षभर घरी बसला’ या एका वाक्याने अनेक घाईचे निर्णय झालेले असतात.

हे सगळं ऐकताना श्रोत्यांच्या मनात आपल्या इथली मुलं आली असतील. रशिया, युक्रेन, फिलिपाइन्स, कझाकस्तान इथे शिकायला गेलेली आपली मुलं हेच सगळं वेगळ्या नावाने अनुभवतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून परतणारी मुलं आपण पाहिली. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप लागते, हे एजंटच्या कार्यालयात किती जणांना आधी सांगितलं जातं? आणि परतल्यावरच्या परीक्षेचे निकाल पाहताना आपण छेद विचारतो का?

पुढच्या वेळी असा फोन आला, की हो किंवा नाही सांगण्यापूर्वी एक कागद घ्या. पहिल्या दिवशी किती, पदवीपर्यंत किती, रेसिडेन्सीपर्यंत किती. कोणती रुग्णालयं. कोणाची मान्यता. किती कर्ज, कोणाची सही. कॉलेज हललं किंवा बंद पडलं तर काय. हे पाच प्रश्न लिहा आणि मुलालाच त्यांची उत्तरं मिळवायला सांगा. जो मुलगा ही माहिती चिकाटीने मिळवतो, त्याच्या तयारीची परीक्षा तिथेच थोडीफार होते. उत्तरं मिळाल्यावर त्या कागदाकडे पाहून सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि सही करायचीच असेल, तर तो कागद वाचून मगच करावी.